केस विंचरू की नको?

सकाळी सहाला फोन वाजला. पलीकडून मावशी.

"ताई, आज याचे केस विंचरू की नको?"

मी उठून बसले. अकरा वाजता त्यांच्या मुलाच्या दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राबाबतच्या अपिलाची तपासणी होती. दोन महिने आम्ही कागद गोळा करत होतो, मुद्दे लिहीत होतो, आणि हा प्रश्न माझ्या डोक्यातच आला नव्हता.

मी मानसिक आजार असलेल्यांसाठी काम करणाऱ्या एका लहान संस्थेत सामाजिक कार्यकर्ती आहे. गोळ्या सुरू ठेवणं, घरच्यांशी बोलणं हे आमचं काम, पण दिवसाचा निम्मा वेळ कागदांत जातो. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, तहसीलमधला अर्ज, बँकेचं खातं. ही गोष्ट २०२२ सालची. मुलाचं नाव लिहीत नाही. वय ३२. आयटीआयला वायरमनच्या दुसऱ्या वर्षाला असताना, २०११ मध्ये, त्याला आवाज ऐकू यायला लागले. निदान स्किझोफ्रेनियाचं. वडील नाहीत. आई घरी शिवणकाम करते, कारण घर सोडून तिला कुठे कामाला जाताच येत नाही.

पहिल्या तपासणीला तिनं त्याला नवरदेवासारखं तयार करून नेलं होतं. त्यासाठी नवा शर्ट शिवला, आकाशी रंगाचा. शेजाऱ्याची इस्त्री मागून आणली. दाढी करवून घेतली, नखं कापली. बसमध्ये रस्ताभर घोकून घेतलं: नाव नीट सांगायचं, मान खाली घालायची नाही, काय करतोस विचारलं तर वायरिंगचं काम करतो म्हणायचं. सरकारी दवाखान्यात मळक्या कपड्यातलं पोर नेलं तर लोक उभं करत नाहीत, ही तिची भीती. अकरा वर्षांत तिनं जे पाहिलं त्यावरून ती भीती खोटी म्हणता येणार नाही.

त्यानं सगळं बरोबर म्हटलं. मावशी बाहेर बाकावर बसून होत्या, त्यांना आत कुणी बोलावलं नाही. दहा मिनिटांत काम उरकलं. काही आठवड्यांनी प्रमाणपत्र निघालं: ३५ टक्के. मागोमाग यूडीआयडीचं, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचं कार्ड आलं, पांढऱ्या पट्टीचं. पांढरा म्हणजे ४० टक्क्यांच्या आत, पिवळा ४० पासून ८० च्या आत, निळा ८० आणि त्यापुढे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ प्रमाणे ४० टक्के किंवा जास्त असेल तर ते 'लक्षणीय दिव्यांगत्व', आणि बहुतेक योजनांचं दार तिथूनच उघडतं. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचंही. तेव्हा त्यात महिन्याला १,००० रुपये मिळत. तहसीलमधून अर्ज परत आला. मावशी कार्ड घेऊन माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "कार्ड तर दिलंय ना सरकारनं? मग पैसे का नाही म्हणतात?"

इथे बरेच जण थांबतात. प्रमाणपत्र मिळालं आहे, मग तक्रार कशाची करायची, असं त्यांना वाटतं. अर्ज साफ नाकारला तरच अपील करता येतं असा समज आहे. तसं नाही. कायद्याच्या कलम ५९ मध्ये प्रमाणपत्र देणाऱ्या प्राधिकाऱ्याच्या निर्णयाविरुद्ध अपील करता येतं, आणि टक्केवारी हाही निर्णयच आहे.

पण अपिलात लिहायचं काय? 'टक्के कमी दिले, वाढवून द्या' हे काही कारण होत नाही. त्यांनी ३५ कुठून आणले हे आधी कळायला हवं होतं. म्हणून आम्ही माहितीच्या अधिकारात त्याच्या स्वतःच्या सहीनं अर्ज केला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, आणि मूल्यमापनाच्या तक्त्याची प्रत मागितली. तीस दिवसांच्या आत प्रत हातात आली. एक पान. माझ्या मते त्या सबंध प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा कागद तोच.

मानसिक आजाराचं दिव्यांगत्व मोजायला आपल्याकडे 'आयडियाज' नावाची मोजपट्टी वापरतात, इंडियन सायकियाट्रिक सोसायटीनं तयार केलेली. त्यात चार गोष्टी बघतात: स्वतःची काळजी, लोकांशी संबंध, बोलणं-समजणं, आणि काम. प्रत्येकीला ० ते ४ गुण, अडचण जितकी जास्त तितके गुण जास्त. वर आजार किती जुना आहे त्याचे १ ते ४. एकूण वीस. ७ किंवा जास्त झाले तर ४० टक्के गाठले. ६ म्हणजे सौम्य, म्हणजे बाहेर.

त्याच्या पानावर होतं: स्वतःची काळजी ०, संबंध १, बोलणं १, काम २. आजाराचा काळ २. बेरीज सहा.

मी त्या शून्याकडे बराच वेळ बघत बसले. शून्य म्हणजे काहीच अडचण नाही. ते शून्य मावशींनी मिळवलं होतं, इस्त्रीनं आणि नखं कापून.

आजाराच्या काळाचे २ मात्र सरळ चूक होती. २ म्हणजे दोन ते पाच वर्षं. आजार अकरा वर्षांचा, दहाच्या पुढे गेला की ४ गुण. झालं असं होतं की ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या मुलानं हाताला लागले तेवढे कागद चढवले, २०१८ पासूनचे. त्याआधीचे मावशींच्या घरी ट्रंकेत, कपड्यांच्या खाली, दुकानाच्या एका पिशवीत होते. मनोरुग्णालयाचा २०११ चा पहिला केसपेपर, घड्या पडून चार तुकडे झालेला. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, ज्यांची शाई उडाली होती. मी ते तुकडे कोऱ्या कागदावर चिकटवले, झेरॉक्स काढल्या, तारखेप्रमाणे लावले. फक्त एवढी दुरुस्ती झाली तरी चार अधिक चार आठ, आणि तो ४० च्या वर जात होता.

तेव्हा मनात आलं की एवढ्यावरच अपील करावं. कुणाला काही बोलावं लागणार नाही. कागद दाखवायचे, बेरीज करायची, संपलं. पण अपिलात मंडळ पुन्हा सगळंच तपासतं. स्वतःच्या काळजीपुढे शून्य आहे तसं सोडलं, तर पुढच्या फेरतपासणीला ते आपल्याच गळ्यात पडणार. मी दोन्ही मुद्दे लिहिले. दुसरा असा: मूल्यमापन करताना रोज सांभाळणाऱ्या व्यक्तीशी बोलणं अपेक्षित असतं, ते झालं नाही, तरी आईचं म्हणणं ऐकून घ्यावं.

हे मी लिहिलं खरं, पण ते म्हणणं कुठे बसून सांगायचं, त्याच्यासमोर की वेगळं, हे लिहायचं राहिलं. ती चूक माझी.

तर त्या सकाळी मी मावशींना म्हटलं, "विंचरा. रोज विंचरता ना? मग आजही विंचरा. तोच शर्ट घाला. फक्त डॉक्टरांनी विचारलं तर कुणी विंचरले ते खरं सांगा."

"तो समोर असताना?"

मी हो म्हटलं.

मंडळ दुसऱ्या ठिकाणचं होतं, आधीचे डॉक्टर त्यात नव्हते. तीन जण बसले होते. मधल्या बाई मनोविकारतज्ज्ञ होत्या. त्यांनी आधी कागद पाहिले, २०११ च्या चिकटवलेल्या केसपेपरवर बोट ठेवून तारीख वाचली, तक्त्यात काहीतरी लिहिलं. मग त्याच्याशी बोलल्या. तो आधीसारखाच बोलला. नाव, गाव, वायरिंगचं काम. "शेवटचं वायरिंग कुठे केलं?" त्यानं विचार केला. "घरी बल्ब बदलला. दिवाळीला." दिवाळी होऊन महिना झाला होता.

मग बाई मावशींकडे वळल्या. अंघोळ, कपडे, गोळ्या, एकेक विचारत गेल्या. मावशींची उत्तरं तुटक. "करतो." "घालतो." "घेतो." मला वाटलं, गेलं सगळं. मी तोंड उघडणार तेवढ्यात बाईंनीच पेन खाली ठेवलं.

"काकू, तुम्ही आठ दिवस माहेरी गेलात तर हा काय करेल?"

"मी जातच नाही."

"शेवटच्या कधी गेला होता?"

"भाऊ वारला तेव्हा. चार वर्षं झाली. मातीला गेले नि संध्याकाळी परत आले."

"त्या दिवशी यानं काय खाल्लं?"

मावशी थांबल्या. मुलाकडे बघितलं. तो शर्टाच्या खालच्या बटणाशी चाळा करत होता.

"काही नाही. भाकरी-भाजी ताटात झाकून ठेवली होती, त्याच्या समोर. आल्यावर बघितलं तर तशीच. म्हटलं, का रे खाल्लं नाहीस? तर म्हणाला, तू वाढलं नाहीस."

त्यानंतर त्या बोलत राहिल्या. अंघोळीचं पाणी काढून, मागे उभं राहून 'आता साबण, आता तांब्या' असं सांगावं लागतं. गोळी जिभेखाली ठेवतो म्हणून तोंड उघडून बघावं लागतं. आठ-आठ दिवस कुणाशी बोलत नाही. रात्री उठून दाराची कडी तपासतो, म्हणून त्या दाराशी अंथरूण घालतात. आवाज अजिबात चढला नाही. शिवणाचं माप सांगावं तशा सांगत होत्या, आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या.

बाईंनी त्याला विचारलं, "आई सांगते ते बरोबर आहे का?"

"हो," तो म्हणाला. "ती सांगते ते बरोबर."

अर्ध्या तासाच्या वर लागला. बाहेर आल्यावर मला बरं वाटत होतं, हे कबूल करते. काम झालं होतं. एसटी स्टँडवर मी तिघांसाठी चहा आणला. तो कप हातात धरून बसला होता. पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघून म्हणाला, "ताई, मला अंघोळ करता येत नाही, असं लिहिलं का त्यांनी?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मावशींनी त्याचा कप घेतला, फुंकर मारून परत दिला. "येते रे तुला. मी सोबत असते, एवढंच लिहिलं."

तो चहा प्यायला. गाडी येईपर्यंत पुन्हा बोलला नाही. घरी गेल्यावर दोन दिवस त्यानं मावशींना न्हाणीच्या आसपास येऊ दिलं नाही आणि दोन दिवस अंघोळही केली नाही. तिसऱ्या दिवशी आपणच हाक मारली. हे मला मावशींनी नंतर सांगितलं, तक्रार म्हणून नाही, नुसतं सांगितलं.

त्यानंतरच्या प्रत्येक अपिलात मी एक ओळ घालते: काळजी घेणाऱ्या व्यक्तीचं म्हणणं स्वतंत्रपणे ऐकावं. बहुतेक वेळा ऐकतात. आणि घरच्यांना आधीच बसवून एकच प्रश्न विचारते, त्या बाईंनी विचारलेला. 'अंघोळ करतो का' विचारलं तर आई 'करतो' म्हणणार, आणि ते खोटंही नसतं. 'तुम्ही नसलात तर?' विचारलं की मग दिवस कसा जातो ते बाहेर येतं.

निकाल आला. स्वतःची काळजी २, संबंध २, बोलणं १, काम ३, आजाराचा काळ ४. एकूण १२. प्रमाणपत्रावर ६५ टक्के, पाच वर्षांनी फेरतपासणी. तहसीलमध्ये पुन्हा अर्ज केला, या वेळी समितीनं मंजूर केला. पहिले पैसे खात्यात जमा झाले तेव्हा मावशींनी पासबुक भरून आणून दाखवलं.

कार्ड पिवळ्या पट्टीचं आलं. एसटीत, दवाखान्यात ते लागतं, म्हणून मावशींनी त्या आकाशी शर्टाला आतून एक खिसा शिवला आणि कार्ड पडू नये म्हणून त्याला बटण लावलं. परवा दोघं आले होते. निघताना दारात त्या थांबल्या आणि त्याला म्हणाल्या, "बटण." त्यानं खिशाकडे बघितलं आणि सावकाश लावलं.