जिप्सी, दिल्लीची एसयूव्ही आणि थार: फोर बाय फोर सांभाळण्याचा माझा अनुभव

चंदगड तालुक्यात आमची काजूची बाग आहे आणि तिथं पोचायचा शेवटचा टप्पा म्हणजे जांभ्या दगडाचा चढ, पावसाळ्यात त्याला रस्ता म्हणणं जरा धाडसाचंच. त्यामुळं घरात फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणारी गाडी, कायम लागतेच. आजवर तीन कंपन्यांच्या गाड्या सांभाळून झाल्या. 'कुठली घेऊ, कुठली कमी बिघडते' असं नेहमी कोणीतरी विचारतं म्हणून एकदाचं सगळं लिहून काढतोय.

पहिली जिप्सी किंग, १९९८ चं मॉडेल, १.३ लिटर पेट्रोल. ती अजून आहे. ह्या गाडीला दर दोन-तीन महिन्यांनी काही ना काही लागतंच, कधी प्रॉपेलर शाफ्टचा (चाकांकडं ताकद नेणाऱ्या दांड्याचा) क्रॉस, कधी पुढच्या नकलचं (पुढचं चाक वळतं त्या सांध्याचं) ऑइल सील, कधी त्याच सांध्यातल्या किंग पिनचं बेअरिंग, आणि ते बेअरिंग गेलं की साठच्या स्पीडला स्टिअरिंग असं थडथडतं की शेजारी बसलेला माणूस देवाचं नाव घेतो. पण लष्करानं वर्षानुवर्षं हजारोंनी वापरलेली गाडी, त्यामुळं ती २०१९ मध्ये बंद झाली तरी पार्टसाठी कधी अडलो नाही. बिल एका वेळी हजारांत, गाडी फार तर दोन दिवस उभी. आरटीओचा खर्च मात्र वाढलाय, पंधरा वर्षांवरच्या गाडीची आरसी रिन्यू करायची फी एप्रिल २०२२ मध्ये सहाशेवरून एकदम पाच हजार झाली, आणि ते रिन्युअल पाच वर्षांपुरतंच असतं.

दुसरी दिल्लीहून आणलेली. २०१५ मध्ये एनजीटीनं, म्हणजे राष्ट्रीय हरित लवादानं, दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी घातली, तेव्हापासून तिकडच्या मोठ्या एसयूव्ही एनओसी (तिकडच्या आरटीओचा ना हरकत दाखला) घेऊन इकडं स्वस्तात येतात. स्वस्त म्हणजे कागदावर स्वस्त. दिल्लीत भरलेला रोड टॅक्स इथं चालत नाही, गाडीच्या वयाप्रमाणं कमी करून का होईना पण महाराष्ट्राचा वेगळा भरावाच लागतो. माझी एका परदेशी कंपनीची सात सीटर होती. नाव घेत नाही, कारण माझ्या एका गाडीवरून अख्ख्या कंपनीला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पहिली दोन वर्षं त्या गाडीनं ऑइल आणि फिल्टर सोडून काही म्हणजे काही मागितलं नाही. मी गावभर कौतुक करत फिरायचो.

मग एका जुलैत चढाच्या पायथ्याशी नॉब फिरवला तर फोर बाय फोरचा दिवा नुसता लुकलुकत राहिला, लो रेशिओ, म्हणजे चढासाठीचा हळू पण जास्त ताकदीचा गिअर, पडेचना. बाग समोर दिसतेय आणि मी खताची पोती डोक्यावर न्यायला माणसं शोधतोय. सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनर लावला, ट्रान्सफर केसची (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या पेटीची) शिफ्ट मोटर, म्हणजे लो रेशिओ टाकणारी मोटर, गेली म्हणाले, शिवाय क्लच संपलाय आणि त्याच्यासोबत ड्युअल मास फ्लायव्हीलही (इंजिनचे धक्के पचवणारं दुहेरी चाक) बदलायला लागेल. इस्टिमेट दोन लाखाला टेकलेलं, पार्ट यायला दीड-दोन महिने. गाडीची बाजारातली किंमत तेव्हा जेमतेम पाच लाख!

मोटर खोलून बघू म्हणून कोल्हापुरात उद्यमनगरात ओळखीच्या मिस्त्रीकडं गेलो. त्यांनी चार बोल्ट काढून मोटर टेबलावर ठेवली आणि झाकण उघडलं तर आत तांबूस भुकटी, झाकणाचं सील फाटून पाणी गेलेलं आणि कार्बन ब्रश जागीच गंजून चिकटलेले. "सायेब, मोटर जळाली न्हाई, वापरली न्हाई म्हणून बसलीय," म्हणाले. घासून पुसून, बाजारातले ब्रश कानशीनं घासून बसवले, सील नवीन, आणि संध्याकाळी लो रेशिओ टक्कन पडला. बिल एवढं कमी की मीच वर थोडे दिले. फ्लायव्हीलचं मात्र त्यांनी सरळ सांगितलं, साधा सॉलिड फ्लायव्हील बसवून देतो, स्वस्तात होईल, पण धक्के खाऊन गिअरबॉक्स वाजायला लागला तर माझ्याकडं यायचं न्हाई. म्हणून मग ते काम ओरिजिनल पार्टनंच केलं, आणि तो पार्ट येईपर्यंत गाडी पावसाळाभर शेडमध्ये.

त्या रिकाम्या वेळात दोन्ही गाड्यांच्या चार वर्षांच्या पावत्या घेऊन बसलो. बेरीज केली तर फरक फारसा नव्हता हो! जिप्सीनं थोडं थोडं करून जवळपास तेवढेच खाल्ले होते. पण जिप्सीचे पैसे खिशातून जात होते आणि एसयूव्हीसाठी एफडी मोडायला लागली. शिवाय जिप्सी ऐन हंगामात कधी आठवडाभर उभी राहिली नव्हती. लोक विश्वासार्हता म्हणजे किती वेळा बिघडते एवढंच मोजतात, मी तेव्हापासून बिघडली की किती दिवस उभी राहते आणि बागेपासून किती लांब न्यावी लागते ते मोजतो. पुण्या-मुंबईत राहणाऱ्याचं गणित वेगळं असेल, त्याच्या दारात टो व्हॅन येते.

एसयूव्ही विकली आणि शोध सुरू केला. पहिल्या पिढीची फॉर्च्युनर बघितली, ३.० लिटरचं इंजिन दणकट, पण त्याला टायमिंग बेल्ट असतो आणि दीड लाख किलोमीटरला तो बदलावा लागतो, मालकाकडं बदलल्याची पावती नव्हती. वर त्या गाडीचं फोर बाय फोर फुल टाइम, म्हणजे कायम चालू, तरी चार टायर तीन कंपन्यांचे, कमीजास्त झिजलेले. टायरचा घेर वेगवेगळा असला की मधला डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअरसंच) सतत फिरत राहतो आणि झिजतो, म्हणून सोडली. जुनी पजेरो एसएफएक्स म्हणजे मजबुतीत प्रश्नच नाही, पण पार्टसाठी कुर्ल्याच्या भंगारात फिरायची माझी तयारी नव्हती. एंडेव्हरचे भाव बघून मोह होत होता, फोर्डनं सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करतोय म्हणून जाहीर केलं आणि मी घाबरलो. फोर्सची गुरखा मनापासून आवडलेली, पुढं-मागं दोन्हीकडं डिफरन्शियल लॉक, म्हणजे एक चाक घसरलं तरी दुसरं ओढतं, पण आमच्या भागात ती गाडी उघडणारा हात मिळेना.

शेवटी जुनी थार सीआरडीई घेतली, २०१० ते २०२० मध्ये यायची ती, २.५ लिटर डिझेल. कारण एकच, महिंद्राची जीप किंवा बोलेरो आमच्याकडं प्रत्येक वाडीत आहे, त्यामुळं मिस्त्री आणि पार्ट दोन्ही तालुक्यातच. घ्यायच्या आधी दोन्ही डिफरन्शियलचे फिलर बोल्ट उघडायला लावून बोट घालून बघितलं. पुढचं ऑइल स्वच्छ, मागचं दूध घातलेल्या चहासारखं, म्हणजे गाडी पाण्यातून गेलीय आणि ब्रीदरमधून (हवा जायच्या नळीतून) पाणी आत शिरलंय. मालक म्हणाला, "अहो, एवढं कोण बघतं?" मी क्राऊन-पिनियनच्या (डिफरन्शियलमधल्या मुख्य दातेरी चाकांच्या) कामाचे पैसे भावातून कापायला लावले आणि घरी आणल्याबरोबर ते हाऊसिंग उघडलं. क्राऊन-पिनियन शाबूत होतं, बेअरिंग तेवढी बदलली. सगळी ऑइलं नवीन, ब्रीदरचे पाइप वर इंजिनपर्यंत ओढून घेतले.

आता उन्हाळ्यातसुद्धा महिन्यातून एकदा बागेतल्या मातीत लो रेशिओ टाकून पाच-दहा मिनिटं फिरवतो, म्हणजे काही बसायला नको. डांबरी रस्त्यावर ते करायचं नाही, थारसारख्या पार्ट टाइम (लागेल तेव्हाच फोर बाय फोर टाकायच्या) सिस्टिममध्ये पुढचा-मागचा एक्सल एकमेकांशी बांधले जातात आणि वळणावर सगळा ताण ट्रान्सफर केसवर येतो. परवा मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे बुश गेले तर चंदगडातच मिळाले, दुपारी गाडी परत दारात. तक्रार एकच आहे आणि ती आईची, मागची बाकडी समोरासमोर, आडवं बसून आंबोलीचा घाट उतरला की तिला मळमळतं. त्यामुळं आता आई पुढं बसते आणि मागं बायको तोंड पाडून.