रोजचीच वॉर्निंग

आमच्या लिनक्स ड्रायव्हरमध्ये मुख्य हबला खालचे हब जोडता येतात. दोनच पातळ्या. प्रत्येक हबचं स्वतःचं वर्क असतं, म्हणजे कर्नेल मागे चालवतं ते काम. खालचा हब काढला की मुख्य हबचं वर्क त्याचं वर्क रद्द करतं आणि ते संपेपर्यंत थांबतं. टेस्ट बोर्ड सुरू झाल्यावर थोड्याच वेळात लॉगमध्ये लॉकडेपची, म्हणजे कर्नेलमध्ये लॉकच्या चुका शोधणाऱ्या साधनाची, वॉर्निंग यायची: ‘पॉसिबल रिकर्सिव्ह लॉकिंग डिटेक्टेड’. “ती रोजचीच आहे, खोटी आहे,” असं मला टीममध्ये आल्या आल्याच सांगितलं होतं.

खोटी होतीच. लॉक एका वेळी एकालाच धरता येतो, बाकीचे थांबतात. चालू वर्क म्हणजे धरलेला लॉक आणि ते संपायची वाट बघणं म्हणजे तोच लॉक मागणं, असा लॉकडेपचा हिशेब असतो. शिवाय कोडच्या एकाच ओळीवर तयार झालेल्या सगळ्या वर्कची की, म्हणजे ओळख, एकच; म्हणून ती त्याच्या लेखी एकाच क्लासची, जणू एकच लॉक. आमच्या सगळ्या हबांसाठी वर्क तयार करणारी इनिट-वर्कची ओळ एकच होती. त्यामुळे मुख्य हब खालच्यासाठी थांबला की वर्क स्वतःचीच वाट बघतंय, असं लॉकडेपला दिसायचं.

मग एका ग्राहकाचा बोर्ड गोठला. लॉगमध्ये एक टास्क १२० सेकंदांहून जास्त अडकलेला. हा डेडलॉक, म्हणजे दोघं एकमेकांची वाट बघत कायमचे अडकणं, लॉकडेपने आधीच का पकडला नाही? कारण पहिली वॉर्निंग दिली की लॉकडेप स्वतःला बंद करून घेतं आणि रीबूट होईपर्यंत काही तपासत नाही. म्हणजे आमच्या इतक्या महिन्यांच्या टेस्ट त्याच्याविनाच चालल्या होत्या. पोटात गोळा आला.

“तेवढ्या भागापुरतं लॉकडेप बंद करू या,” शेजारचा म्हणाला. मी नको म्हटलं. तिथली खरी चूकही त्याबरोबर झाकली गेली असती. खालचं वर्क मुख्य हबच्या वर्कसाठी कधीच थांबत नाही, याची आधी कोड वाचून खात्री केली. दुपार त्यातच गेली. मग मुख्य आणि खालच्या हबसाठी इनिट-वर्क दोन वेगळ्या ओळींवर लिहिलं. दोन ओळी, दोन की, दोन क्लास. असं का केलं, ते वर कॉमेंटमध्ये लिहिलं.

बोर्ड सुरू केला. जुनी वॉर्निंग आली नाही. हब काढून-लावून पाहताना नवी आली: ‘पॉसिबल सर्क्युलर लॉकिंग डिपेंडन्सी’. खालच्या हबचं वर्क पोर्टचा म्युटेक्स (एक लॉकच) मागत होतं आणि पोर्ट बंद करणारं फंक्शन तोच म्युटेक्स धरून त्या वर्कची वाट बघत होतं. ग्राहकाच्या लॉगमध्ये अडकलेलं फंक्शन हेच.

आता म्युटेक्स धरून आधी ‘काढतोय’ अशी खूण करतो, म्हणजे वर्क पुन्हा रांगेत लागत नाही. मग म्युटेक्स सोडतो आणि त्यानंतरच वर्कसाठी थांबतो. रात्रभर टेस्ट चालू ठेवली; सकाळी आल्यावर पाहिलं, लॉकडेप अजून चालू होतं.