ओपन रेट उत्तम, उत्तर एकही नाही

कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या एका कंपनीचा अहवाल त्या दिवशी माझ्यासमोर आला. अनोळखी कंपन्यांना पाठवलेल्या मेलपैकी निम्म्याहून जास्त उघडले गेल्याचं त्यात दिसत होतं, पण उत्तर एकही नव्हतं. त्यांचा निष्कर्ष ठरलेला होता: मजकूर कमी पडतोय, तो नव्याने लिहून द्या. मजकूर मी सगळ्यात शेवटी वाचला.

आधी ते ओपन रेट, म्हणजे पाठवलेल्यांपैकी किती मेल उघडले गेले याचं प्रमाण. मेलमध्ये दडवलेलं एका पिक्सेलचं चित्र सर्व्हरवरून मागवलं गेलं, की 'उघडला' अशी नोंद होते. सप्टेंबर २०२१ मध्ये आयओएस १५ आलं, तेव्हापासून अ‍ॅपलच्या मेल अ‍ॅपमध्ये गोपनीयतेचा पर्याय चालू असेल तर अशी चित्रं अ‍ॅपलचे सर्व्हर आधीच उतरवून ठेवतात, मग माणसाने मेल पाहिला असो वा नसो. शिवाय मोठ्या कंपन्यांचे सुरक्षा स्कॅनर आलेल्या मेलमधल्या लिंका स्वतःच उघडून तपासतात. नोंदी वेळेनुसार लावल्या आणि चित्र स्पष्ट झालं. मेल पोचल्यावर काही सेकंदांत त्यातली प्रत्येक लिंक, अगदी 'यादीतून काढा' हीसुद्धा, क्लिक झालेली. इतका उत्साही ग्राहक जगात नसतो. ट्रॅकिंग तिथल्या तिथे बंद केलं. असल्या मेलमध्ये मोजायचं ते फक्त उत्तर.

मग त्यांच्याकडून एक मेल माझ्या जीमेलवर मागवला. तो स्पॅममध्ये पडला. 'शो ओरिजिनल', म्हणजे मेलचा मूळ तांत्रिक तपशील, उघडल्यावर कारण वरच लिहिलेलं होतं: एसपीएफ परमएरर, डीमार्क फेल.

एसपीएफ म्हणजे आपल्या डोमेनच्या नावाने मेल पाठवायला कोणते सर्व्हर अधिकृत आहेत, याची डीएनएसमधली (डोमेनच्या नोंदी ठेवणाऱ्या इंटरनेटवरच्या सूचीतली) यादी. ती तपासताना जास्तीत जास्त १० डीएनएस चौकश्यांची मुभा असते. प्रत्येक 'इन्क्लूड', म्हणजे दुसऱ्या सेवेची यादी जोडणारी नोंद, ही एक चौकशी, आणि त्याच्या पोटातले इन्क्लूडही मोजले जातात. इथे ऑफिसचा मेल, न्यूजलेटर, बिलिंग, तक्रार नोंदणी आणि कधीच बंद केलेली एक सेवा, असं सगळं एकाच ओळीत ओवलेलं. मर्यादा ओलांडली की अख्खी तपासणीच बाद होते, तोच हा 'परमएरर'. डीकेआयएमची, म्हणजे मेलवरची डिजिटल सही बरोबर होती, पण ती मेल पाठवणाऱ्या सेवेच्या डोमेनची. डीमार्क ही या दोन्हींवरची तपासणी, आणि ती बघते ते 'फ्रॉम'मधलं डोमेन. एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक तरी पास व्हायला हवं आणि त्याच डोमेनशी जुळायलाही हवं. इथे एकही जुळत नव्हतं.

'आम्ही कुठे रोज हजारो पाठवतो?' हा प्रश्न आलाच. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने जे नियम लावले, त्यांत डीमार्क आणि प्रचारकी मेलसाठी एका क्लिकमध्ये नाव काढण्याची सोय या अटी दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांसाठी आहेत. पण एसपीएफ किंवा डीकेआयएम सगळ्यांनाच लागतं, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवणंही.

खरा धक्का दुपारी बसला. हिशेब विभागाशी बोलताना कळलं की जुने ग्राहकही अलीकडे 'बिल मिळालं नाही' म्हणत होते. अनोळखी लोकांना मेल मुख्य डोमेनवरूनच जात होते, आणि त्याची पत घसरली तशी बिलंही स्पॅममध्ये जाऊ लागली होती.

म्हणून पहिलं काम डोमेन वेगळं करण्याचं. कंपनीच्या नावाशी मिळतंजुळतं दुसरं डोमेन, त्यावर स्वतःचं एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क. मेलबॉक्समागे दिवसाला दहा-पंधरापासून सुरुवात, तीन-चार आठवड्यांत हळूहळू वाढ, आणि तीस-चाळीसच्या पुढे जायचं नाही. खोटी उघडझाप करून डोमेन 'तापवून' (त्याची पत वाढवून) देणाऱ्या सेवा मिळतात. मला त्या पटत नाहीत.

यादी विकत घेतलेली होती. बाउन्समध्ये, म्हणजे न पोचता परत आलेल्या मेलमध्ये, ५५० ५.१.१, म्हणजे 'असा पत्ताच नाही', याची रांग लागलेली. बाउन्स दोन टक्क्यांच्या वर गेले की मी पाठवणं थांबवतो. पत्ते तपासणाऱ्या सेवा उपयोगी आहेत, पण काही डोमेन कुठलाही पत्ता स्वीकारतात. तिथे 'वैध' या शेऱ्याला अर्थ नाही. जुन्या यादीत स्पॅम ट्रॅप, म्हणजे स्पॅम पाठवणारे पकडायला ठेवलेले पत्ते, असतात, हा आणखी मोठा धोका. ती यादी टाकून दिली. नव्या यादीत नाव घालायचं ते 'याच माणसाला, आत्ताच का?' याचं एका वाक्यात उत्तर देता आलं तरच.

आता मजकूर. सुरुवात 'आमची अग्रगण्य कंपनी'पासून, खाली लोगो, सोबत भलंमोठं कॅटलॉग. त्याऐवजी असं लिहिलं: 'तुमच्या पॅकिंग लाइनसाठी देखभाल तंत्रज्ञ हवा असल्याची जाहिरात पाहिली. लाइन बंद पडल्यावर बेअरिंग आणि बेल्ट यायला किती दिवस लागतात? आम्ही हे भाग साठ्यात ठेवतो. हा विषय तुमच्याकडे आहे, की दुसरं कोणी बघतं?' जोडपत्र नाही, चित्र नाही. खाली कंपनीचा पूर्ण पत्ता आणि 'नको असल्यास कळवा' ही ओळ. अमेरिकेतल्या कॅन-स्पॅम कायद्याने दोन्ही सक्तीचं आहे आणि नकार आल्यावर १० कामकाजी दिवसांत पाळावा लागतो. युरोपात देशागणिक नियम बदलतात, काही ठिकाणी आधी परवानगीच लागते. विषयाच्या ओळीत खोटं 'रे:' लावायची त्यांची सूचना मी मोडीत काढली.

फॉलोअप दोनच, त्याच धाग्यात: पहिला चार दिवसांनी, दुसरा आणखी आठवड्याने. दुसऱ्यात नवीन काही सांगण्यासारखं नसेल तर तोही नको.

पहिली उत्तरं आली ती बहुतेक 'हे माझ्याकडे नाही, खरेदी विभागाला विचारा' अशी. विक्रीवाल्यांनी ती नकारात टाकली होती. मी ती बाहेर काढून वेगळी ठेवायला लावली: आतल्याच माणसाने योग्य नाव दिलंय, आता पुढचा मेल त्याचा हवाला देऊन जातो. 'सध्या नको' म्हणणाऱ्यांना कधी विचारू ते विचारून तारीख टाकली. आणि 'परत लिहू नका' म्हणणाऱ्यांचे पत्ते दोन्ही डोमेनच्या बंदी यादीत, त्याच दिवशी.