मागचं इंजिन, मधलं इंजिन आणि माझा डावा पाय

मंडळी, घरच्या सिम-रेसिंगच्या रिगला (सीट, स्टिअरिंग, पेडल आणि पडदा) लोडसेलचे, म्हणजे पायाचा जोर मोजणारे, पेडल बसवल्याचं लिहिल्यानंतर मी दोन महिने गप्प होतो. रिग रोज चालू होती, पण सांगण्यासारखं काही हाती लागत नव्हतं. आता लागलंय, म्हणून वहीतल्या नोंदी जरा साफसूफ करून टाकतोय.

बेत साधा होता. एक मागच्या इंजिनाची गाडी, एक मधल्या इंजिनाची, ट्रॅक एकच, आणि दोघींचे लॅप शेजारी शेजारी ठेवून बघायचे. असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने या संगणकावरच्या रेसिंग खेळातली पोर्शे ९९२ जीटी३ आर (मागचं इंजिन) आणि फेरारी २९६ जीटी३ (मधलं). ट्रॅक बेल्जियममधला स्पा, ७.००४ किलोमीटर. जीटी३ या शर्यतीच्या वर्गात बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स या नियमामुळे गाड्या वेगात एकमेकींच्या जवळ आणून ठेवलेल्या असतात, त्यामुळे ‘कोणती जास्त पळते’ या वादात पडायची गरज नाही. वेळ जवळपास सारखी येते. ती वेळ कुठल्या वळणातून निघते, एवढंच मला बघायचं होतं.

१४ एप्रिल

फेरारीपासून सुरुवात केली. चौथ्या रात्री २:२०.४ चा (दोन मिनिटं, २०.४ सेकंद) लॅप लागला. हात कुठे ठेवू, पाय कुठे ठेवू असं काही झालंच नाही. स्टिअरिंग वळवलं की नाक वळतं, नाकामागून अख्खी गाडी वळते. १२० अंशांचं तीन लिटरचं व्ही६ ड्रायव्हरच्या पाठीला लागून, मागच्या आसाच्या पुढे बसलंय. वजन मधोमध असल्यामुळे ती जागच्या जागी फिरते म्हणा ना.

मग पोर्शेत बसलो. २:२३.१. दुसऱ्या दिवशी २:२२.८. तिसऱ्या दिवशी पुन्हा २:२३. सेटअपची खुडबूड सुरू केली, पुढचा अँटिरोलबार (वळणात गाडी कलू न देणारा दांडा) मऊ कर, मागचा विंग कमी कर. आपल्या सगळ्यांना हा रोग आहे. चूक हाताची असली की स्पॅनर शोधायचा.

३ मे

बडोद्यात ४३ डिग्री. माझी खोली गच्चीवर, त्यामुळे दांडिया बाजार झोपल्यावर रात्री अकरानंतरच बसता येतं. पूओंवर एकाच जागी सहा वेळा गाडी घालवली.

पूओं म्हणजे उतारावरचं दुहेरी डावं वळण, जोरात घ्यायचं. पोर्शे जरा जास्त वेगाने आत गेली की नाक बाहेर बाहेर जातं. पुढे वजनच कमी, टायर दबत नाही. माझ्या अंगवळणी पडलेला उपाय म्हणजे पाय उचलणे. उचलला. फेरारीत असं केलं की नाक आत येतं नि गोष्ट संपते. पोर्शेतही नाक आत आलं, मागोमाग शेपूट निघालं. झटका असा नव्हता, उलट आरामात निघालं. मी उलटं स्टिअरिंग दिलं, वाटलं सावरली. ती थांबेचना. फिरत राहिली, फिरत राहिली आणि बॅरिअरला पाठ लावून उभी राहिली.

पाय उचलल्यावर भार पुढे सरकतो, मागच्या टायरांची पकड कमी होते. हे दोन्ही गाड्यांत होतं. फरक त्यानंतर पडतो. पोर्शेचं ४.२ लिटरचं फ्लॅट-सिक्स मागच्या आसाच्याही मागे लटकलेलं आहे, आणि ते एकदा बाजूला निघालं की त्याला परत बोलवायला वेळ लागतो.

१० मे

रविवारी हा किस्सा जेवताना सांगत होतो. आजोबांना पोर्शेचं काही नाही, पण ‘एकदा निघालं की थांबत नाही’ एवढं त्यांच्या कानावर पडलं. तरुणपणी ते जुम्मादादा व्यायाम मंदिरात जायचे. माळ्यावरून व्यायामाचा लाकडी मुद्गल काढायला लावला. धुळीने माखलेला, मुठीची जागा घासून काळी गुळगुळीत झालेली.

म्हणाले, “मुद्गलाच्या पोटाशी धर आणि मनगट फिरव.” फिरवलं, सहज फिरलं. “आता मुठीशी धर.” मुठीशी धरल्यावर मनगट आधी हलेचना. जोर लावून हलवलं तर मुद्गल सुटला तो थेट खांद्यामागे गेला, मनगट त्याच्या मागे ओढलं गेलं. आजोबा हसले. “सुरू करायला कष्ट, थांबवायला दुप्पट कष्ट. म्हणून थांबवायचा नसतो रे, वळवून घ्यायचा असतो.”

इंजिनिअर मंडळी म्हणतील, हा तर जडत्वाच्या आघूर्णाचा पहिला धडा: वजन फिरण्याच्या जागेपासून जितकं लांब, तितकं ते फिरवणं आणि थांबवणं अवघड. असेल. पुस्तकात मी तोही वाचला होता. मनगट दुखल्यावर कळला.

१९ मे

थोडं विषयांतर, पण ते केल्याशिवाय राहवेना. आमच्या घरी जुनी नॅनो आहे. मागच्या इंजिनाची गाडी दारात उभी असताना मी पडद्यावर काय शोधतोय, असं आतेभावाने विचारलं. तो मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत टूल-रूमला आहे, शेजारीच ट्रकांचा वजनकाटा. शनिवारी दुपारी गेलो आणि फक्त पुढची चाकं काट्यावर चढवली. काट्यावरचे काका खिडकीतून ओरडले, “आखी गाडी चढावो ने भाई, अडधी केम?” त्यांना समजावण्यात पाच मिनिटं गेली, पैसे त्यांनी दोन वजनांचे घेतले.

मी आत बसून पुढे २७०, मागे ४१०. काटा दहा-दहा किलोंनीच सरकतो, तेव्हा फार काटेकोर धरू नका. तरी चाळीस-साठ झालंच. रस्त्यावरच्या ९११ चं वाटपही जवळपास याच घरातलं. ६२४ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन आणि पोर्शे एका पंगतीत!

पंगत नुसती वजनाची नाही. नॅनोचे टायर बघा: पुढे १३५ रुंदीचे, मागे १५५. पोर्शे ९११ जीटी३ ला पुढे २५५, मागे ३१५. दोन्हीकडे हेतू एकच, मागची पकड आधी सुटू नये. भल्या माणसाने वळणात घाबरून पाय उचलला तरी आधी नाक बाहेर जावं, शेपूट नाही. पोर्शेलाही हे सहज साधलं नव्हतं. सुरुवातीच्या काही ९११ गाड्यांच्या पुढच्या बंपरमध्ये दोन्ही कोपऱ्यांत ११-११ किलोंची ओतीव लोखंडी वजनं ठेवली होती, नुसती नाक खाली दाबायला. पुढे १९६९ च्या मॉडेलपासून मागची चाकंच ५७ मिलिमीटर मागे नेली. म्हणजे इंजिन जागेवरच राहिलं, चाक त्याच्याकडे सरकलं. हा तोडगा मला फार आवडतो.

८ जून

लॅपच्या नोंदी दाखवणाऱ्या मोटेक या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही गाड्यांचे ब्रेकचे आलेख एकावर एक ठेवले आणि एका मिनिटात सगळं दिसलं. जागा ब्रुसेल, उतारावरचं लांबलचक उजवं हेअरपिन (जवळजवळ उलट्या दिशेला नेणारं वळण). माझा ब्रेक दोन्ही गाड्यांत सारखाच: भिंतीसारखा वर, भिंतीसारखा खाली. ऐंशी टक्क्यांवरून शून्यावर यायला तीन दशांश सेकंदसुद्धा नाही. फेरारीला ते चालत होतं, कारण तिच्या नाकावर तसंही वजन आहे. पोर्शेत ब्रेक सोडला की पुढचे टायर मोकळे होतात, आणि नेमक्या त्याच क्षणी मी स्टिअरिंग वळवत होतो. मग नाक बाहेर, मग माझी घाई, मग पाय उचलणं, मग बॅरिअर. अँटिरोलबार बिचारा निर्दोष.

उपाय सर्वांना माहीत आहे, ट्रेल ब्रेकिंग. वळणात शिरतानाही थोडा ब्रेक ठेवायचा, स्टिअरिंग जसं वाढेल तसा तो कमी करत जायचा. माहीत मलाही होतं. पाय ऐकत नव्हता.

पाय वळला तो नॅनोमुळे. फतेहगंजच्या पुलावर चढावर गाड्या तुंबल्या होत्या, पुढची रिक्षा इंच इंच सरकत होती, आणि मी क्लच अर्ध्यावर धरून गाडी मागे न जाऊ देता पुढे काढत होतो. डावा पाय! रिगवर ब्रेक दाबतो तो हाच पाय, इतका हळू, इतका मोजून सोडतोय. पंधरा वर्षं त्याला दाबायला धसमुसळं आणि सोडायला नाजूक असंच शिकवलंय. रिगवर मी त्याला ब्रेक समजून वागवत होतो. त्या रात्री मनाशी म्हटलं, हा क्लच आहे आणि आपण पुलाच्या चढावर आहोत.

२:२१.६. तिसऱ्याच लॅपला. मग लाईट गेली, पहिला पाऊस आला होता.

पेडलचं एक लिहायचं राहिलं. इतक्या हळुवार सोडण्याआधी तितकंच जोरात दाबावं लागतं, आणि लाद्यांवर पेडलची पाटी प्रत्येक दाबाला दोन बोटं पुढे सरकत होती. रबर लावलं, पायपुसणं घातलं, काही उपयोग नाही. शेवटी आजीचा पाटा भिंत आणि पाटी यांच्यामध्ये अडकवला. हलत नाही. वरवंटा खालीच ठेवलाय, म्हणजे चोरी अर्धीच.

२१ जून

आता दोन्ही गाड्या एका दमात चालवता येतात, तर तुलना लिहितो.

ला सूर्सच्या हेअरपिनला पोर्शे ऐकत नाही कुणाला. जोरात ब्रेक लावल्यावर भार पुढे जातो, पण हिच्या मागे मुळातच इतकं वजन आहे की मागचे टायरही थांबवायच्या कामाला लागतात. चारही चाकं राबतात. मी फेरारीपेक्षा जरा उशिरा ब्रेक करतो. बाहेर पडताना तर मजाच आहे. इंजिन चाकांवर बसून त्यांना दाबतंय, तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर आधी देऊ शकता. ओ रूजकडे उतरताना हा फायदा घेऊन जाता, आणि तो केमेल सरळीच्या टोकापर्यंत पुरतो.

पूओं मात्र फेरारीचं. तिथे तिला पाय थोडा कमी-जास्त केलेला चालतो, ती मनावर घेत नाही. पोर्शेत आत शिरायच्या आधीच ठरवावं लागतं की एवढाच वेग, आणि मग अ‍ॅक्सिलरेटर थोडा दिलेला ठेवून बसायचं. मध्येच विचार बदलला तर ती विचारते, ‘नक्की का?’ बस स्टॉप नावाच्या उजव्या-डाव्या वळणांच्या जोडीसारख्या जागेतही फेरारी चटकन कूस बदलते, पोर्शेला मुद्गल इकडून तिकडे न्यावा लागतो.

पण फेरारी सुटली तर सांगून सुटत नाही. जितकी पटकन वळते तितकीच पटकन गिरकी घेते, आपण डोळे मिचकावून उघडेपर्यंत तोंड मागे. पोर्शे आधी पत्र पाठवते. पत्र वाचून काय करायचं ते यायला हवं, एवढंच.

एक सावधगिरी. हा फरक सगळा इंजिनाच्या जागेचा नाही. पोर्शेच्या पुढच्या-मागच्या आसांतलं अंतर २५०७ मिलिमीटर, फेरारीचं २६६०. एकीला टर्बो, दुसरीला नाही. पंख वेगळे. इंजिनाची जागा एवढीच बदललेली जोडी हवी असेल तर त्यातल्या त्यात जवळ येतात त्या रस्त्यावरच्या ९११ जीटी३ आणि केमन जीटी४ आरएस. दोघींत ९००० आरपीएमपर्यंत जाणारं चार लिटरचं तेच इंजिन, केमनमध्ये ते अर्धं वळवून आसाच्या पुढे बसवलंय. जीटी३ ला ५१० पीएस (अश्वशक्ती), केमनला ५००. जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंग ट्रॅकच्या २०.६ किलोमीटरवर जीटी३ ६:५५.३४, केमन ७:०४.५११.

माझा आतेभाऊ ‘मधलं इंजिन तेच शास्त्रशुद्ध’ या मताचा, त्याच्यापुढे मी हे नऊ सेकंद ठेवले. तो म्हणाला, जीटी३ ला पुढे डबल विशबोन सस्पेन्शन आहे, मागची चाकंही वळतात, टायर जास्त रुंद आहेत. खरं आहे. वर त्याने हुकमी पान टाकलं: ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीसाठी २०१७ ची ९११ आरएसआर बनवताना खुद्द पोर्शेने इंजिन आसाच्या पुढे आणलं. तेही खरं, मागे डिफ्यूझरला (गाडीखालच्या हवेने तिला रस्त्याकडे ओढणाऱ्या भागाला) जागा हवी होती. मी म्हटलं, मग ९९२ जीटी३ आरमध्ये ते मागेच ठेवून डिफ्यूझरसाठी ५.५ अंश तिरकं का केलं? चहा आला म्हणून वाद थांबला. माझं मत विचाराल तर मधलं इंजिन जास्त बरोबर आहे आणि मागचं जास्त शिकवतं. मी पोर्शे ठेवणार आहे.

२९ जून

फेरारी २:१९.६. पोर्शे २:१९.९. लॅपच्या पहिल्या भागात, म्हणजे सेक्टरला, पोर्शे पुढे, दुसऱ्यात फेरारी सगळं वसूल करते. गंमत अशी की पाय सुधारल्यावर फेरारीचाही वेळ आठ दशांशांनी उतरला, आणि तिच्या सेटअपला मी बोटही लावलं नव्हतं.

पाटा गेला. पाहुणे येणार होते, आजीला ओल्या खोबऱ्याची चटणी वाटायची होती आणि मिक्सरमधली तिला चालत नाही. खाली नेताना त्यावर पेडलच्या रबराचा काळा पट्टा दिसला, त्याबद्दल जे ऐकायचं ते ऐकून झालं. आतेभावाने एक जाड फळी आणि चार बोल्ट देतो म्हटलंय. फळी आली की खेळातल्या झांडफोर्ट या डच ट्रॅकवर जातो. तिथलं हुगेनहोल्ट्झ आतल्या बाजूला कलतं केलेलं वळण आहे, तिथे पोर्शेचं नाक आपोआप दबेल असा माझा अंदाज. आतेभावाचा अंदाज उलटा आहे. सेव-उसळीची पैज लागली आहे, एक्स्ट्रा पाव धरून.