लिनक्सवर व्हीआर हेडसेट: माझ्या चार रात्री

डोळ्यांवर चढवून आभासी जगात खेळायचा सेकंडहँड व्हीआर हेडसेट घरी आणला आणि मग कळलं, तो पीसीला जोडायचं अधिकृत सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं. माझ्या पीसीवर कित्येक वर्षं लिनक्सच आहे. एका खेळापायी ते काढायचं माझ्या मनाला पटेना.

शोधता शोधता विव्हर्न सापडला. हा ओपन सोर्स प्रोग्राम मोनाडोवर उभा आहे, आणि मोनाडो म्हणजे खेळ आणि हेडसेट यांच्यामधला लिनक्सवर चालणारा दुवा; ओपनएक्सआर या व्हीआरच्या खुल्या मानकाचा रनटाइम. पीसी चित्र तयार करतो, त्याचा व्हिडिओ करून वायफायवरून हेडसेटला पाठवतो. डोकं आणि हात कुठे आहेत ते हेडसेट उलट कळवत राहतो.

पहिल्या रात्री हेडसेटला पीसी दिसेचना. घरच्या नेटवर्कवर यंत्रांना एकमेकांचा पत्ता देणारी अवाही सेवा बंद होती, फायरवॉलमध्ये विव्हर्नचं ९७५७ पोर्टही बंद. अवाही सुरू केली आणि ते पोर्ट टीसीपी व यूडीपी या दोन्ही प्रकारच्या वाहतुकीला उघडलं, तेव्हा जोडणी झाली.

खरा घाम काढला तो दुसऱ्या आणि तिसऱ्या रात्रीने. चित्र आलं, पण मान वळवली की समोरची भिंत उशिराने घसरत यायची. पाच मिनिटांत मळमळायला लागलं. ७२ हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ७२ फ्रेम दाखवताना, एका फ्रेमच्या वाट्याला जेमतेम १४ मिलिसेकंद येतात, तिथे जरासा उशीरही पोटाला कळतो. आधी वायफायवर संशय घेतला. पीसीला लॅन केबल लावली, हेडसेट ५ गिगाहर्ट्झवर ठेवला. थोडा फरक पडला, पुरेसा नाही. मग बघितलं तर प्रोसेसर तापलेला आणि ग्राफिक्स कार्डचा एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ तयार करणारा भाग, रिकामा! कार्डाला कोणते व्हिडिओ प्रकार जमतात ते सांगणारं व्हीएइन्फो चालवलं, तर एन्कोडिंगच्या यादीत एच.२६४ आणि एच.२६५ हे प्रकार नव्हतेच. पेटंटच्या भानगडीमुळे माझ्या डिस्ट्रोतल्या (लिनक्सच्या तयार संचातल्या) मेसा या ग्राफिक्स ड्रायव्हरमधून ते वगळलेले होते, म्हणून सगळा व्हिडिओ प्रोसेसरच तयार करत होता. बाहेरच्या रिपॉझिटरीतून (सॉफ्टवेअरच्या साठ्यातून) मेसाचं पूर्ण पॅकेज घेतलं. नंतर मान झटकन वळवली, भिंत जागच्या जागी. त्या क्षणी मला झालेला आनंद खेळ जिंकण्याहून मोठा होता.

चौथी रात्र स्टीमची, म्हणजे खेळ विकत घेऊन चालवायच्या ॲपची. खेळ मॉनिटरवर उघडायचा, हेडसेटमध्ये मात्र नाही. स्टीम खेळ स्वतंत्र कंटेनरमध्ये, म्हणजे बाकी पीसीपासून वेगळ्या ठेवलेल्या कप्प्यात, चालवतं आणि आतून विव्हर्नशी बोलायचं सॉकेट दिसत नाही. लाँच ऑप्शनमध्ये त्याची वाट दाखवणारी ओळ घालावी लागते. खेळ ओपनएक्सआरऐवजी जुन्या ओपनव्हीआरवर बेतलेला असेल तर दुभाष्या म्हणून एक्सरायझर हा प्रोग्रामही लागतो.

यातलं बरंच काही जगभरातली माणसं फावल्या वेळात लिहितात आणि फुकट देतात, याचं मला फार मोल वाटतं. विव्हर्नचा पीसीवरचा सर्व्हर आणि हेडसेटमधलं ॲप एकाच आवृत्तीचं लागतं, म्हणून आता मी दोन्ही एकाच बैठकीत अपडेट करतो.