तुम्ही विचारलंत म्हणून: मी केज ऐकवत का नाही

“ताई, तुम्ही जॉन केजबद्दल एवढं सांगता, मग वर्गात त्याचं काही ऐकवत का नाही?”

केज हा विसाव्या शतकातला अमेरिकन संगीतकार. त्याच्याबद्दलचा हा प्रश्न विद्यार्थी विचारतात, त्यांचे आईवडील विचारतात, व्याख्यानानंतर पाणी प्यायला थांबलेले श्रोते विचारतात. मागाहून दुसरा येतो, तो जास्त लागतो. “म्हणजे त्याचं संगीत ऐकण्यासारखं नाही, असंच ना?”

आजवर मी वेळ मारून नेत आले. स्पीकर चांगले नाहीत, वेळ संपला, पुढच्या वेळी बघू. यातलं काहीच खोटं नव्हतं, पण ते उत्तरही नव्हतं. आता सविस्तर लिहिते, म्हणजे निदान एकदा तरी पुरतं सांगितल्यासारखं होईल.

केजच्या चार मिनिटं तेहेतीस सेकंदांच्या मूक रचनेची गोष्ट पुन्हा सांगत नाही, ती तुम्हाला पाठ आहे. मला त्यातलं जे धरून ठेवावंसं वाटतं तेवढंच सांगते. २९ ऑगस्ट १९५२ ला न्यूयॉर्क राज्यात वुडस्टॉकजवळच्या मॅव्हरिक हॉलमध्ये डेव्हिड ट्यूडर पियानोपुढे बसला आणि त्याने एकही पट्टी दाबली नाही. पहिल्या भागात बाहेरचा वारा ऐकू येत होता, दुसऱ्यात छपरावर पाऊस वाजायला लागला, तिसऱ्यात लोक कुजबुजू लागले, काही उठून गेले. केज हे वर्णन पुढे आयुष्यभर करत राहिला आणि ते वाचताना मला दर वेळी तो पाऊस ऐकू येतो. त्याच्या आधी, १९५१ च्या सुमाराला, तो हार्वर्डमधल्या आवाज पूर्ण शोषून घेणाऱ्या खोलीत गेला होता. तिथे त्याला दोन आवाज ऐकू आले, एक बारीक आणि उंच, एक खर्जातला. उंच आवाज मज्जासंस्थेचा आणि खालचा रक्ताभिसरणाचा, असं तिथल्या इंजिनिअरने सांगितल्याचं तो सांगे. जिवंत माणसाला पूर्ण शांतता मिळतच नाही, हे त्याने तिथून उचललं.

हे वाचल्यावर माझं शिकवणं बदललं. षड्ज लावण्याआधी मी मुलींना नुसता तंबोरा ऐकायला बसवते. तंबोऱ्याच्या पलीकडे काय काय चाललंय तेही ऐका, म्हणते. कुकरची शिट्टी, जिन्यावरची पावलं, आपला श्वास. मग सा लावा. त्या सा मध्ये फरक पडतो, हे मी रोज ऐकते. इतकं ज्याने दिलं, त्याला माझा कान नुसताच विचारवंत म्हणायला तयार होत नाही.

आता रेकॉर्ड. त्या मूक रचनेच्याही रेकॉर्ड निघाल्या आहेत. दुसऱ्याच्या खोलीतली शांतता मी माझ्या खोलीत का ऐकू? बारा रेडिओ आणि चोवीस माणसं घेऊन त्याने १९५१ मध्ये एक रचना केली. एकाने स्टेशन फिरवायचं, एकाने आवाज. ती आज पुण्यात केली तर विविधभारती लागेल, सोन्याच्या दुकानांच्या जाहिराती लागतील, मधे नुसती खरखर लागेल, आणि तो अनुभव याच गावाचा आणि याच दिवसाचा असेल. रेकॉर्डमध्ये मात्र कुठल्या तरी परगावचा, कधीचा तरी रेडिओ कायमचा गोठून बसतो. केजला स्वतःला रेकॉर्डचं वावडं होतं, हे त्याने वारंवार सांगितलंय. म्हणजे मी ऐकवत नाही, यात त्याचीच मर्जी राखते, असंही म्हणता येईल. मी तसं म्हणून पाहिलंय. समोरच्याला ते पटत नाही आणि मलाही पुरत नाही, कारण मी एकदा ऐकवलंय.

माझ्या गुरू, आम्ही सगळ्या त्यांना बाई म्हणायचो, तेव्हा वयाने थकल्या होत्या. गाणं थांबलं होतं, शिकवणं चालू होतं. हार्वर्डच्या खोलीची गोष्ट मी त्यांना एका संध्याकाळी सांगितली. त्यांना ती इतकी आवडली की त्यांनी ती आपलीच करून टाकली. नव्या मुलीला पहिल्या दिवशी सांगत, “अगं, एक साहेब होता, अजिबात आवाज नसलेल्या खोलीत गेला, तर त्याला स्वतःचं रक्त ऐकू आलं. तुझ्या आत सूर चालूच आहे, तू फक्त त्यात मिसळायचंस.” केजने असं म्हटलं नव्हतं. पण बाईंच्या तोंडी ते इतकं शोभायचं की मी कधी दुरुस्त केलं नाही.

मग त्यांनीच म्हटलं, “तुझ्या त्या साहेबाचं काहीतरी ऐकव की.” मी ‘म्युझिक ऑफ चेंजेस’ नेलं. १९५१ ची पियानोची रचना, पाऊण तासाच्या जवळ जाणारी. ‘यि चिंग’ या चिनी ग्रंथाच्या पद्धतीने नाणी उडवून त्यातले स्वर, त्यांची लांबी, त्यांचा जोर सगळं ठरवलेलं आहे. आपली आवडनिवड रचनेत येऊ नये, एवढ्यासाठी. मी मुद्दामच ते निवडलं. सोपं काही नेलं असतं तर ते मला बाईंचा अपमान केल्यासारखं वाटलं असतं.

बाई भिंतीला टेकून बसल्या. शेजारी गवसणी काढलेला तंबोरा उभा होता, सकाळच्या तालमीचा, काळी चारमध्ये लावलेला. पियानो सुरू झाला. एक टोकदार आघात, मग लांब पोकळी, मग चारपाच स्वरांचा एकदम मारा, पुन्हा काही नाही. मधेच पियानोचा एखादा स्वर तंबोऱ्याच्या षड्जाशी जुळायचा आणि जोडीच्या तारा कुणी न छेडता बोलायच्या. अगदी हलकं, पण ऐकू येण्यासारखं. पुढचा आघात भलतीकडेच पडायचा आणि तारा आपोआप विझायच्या. माझं सगळं लक्ष त्याकडे लागलं. मला वाटलं, हाच तो केज, या खोलीत आत्ता घडणारा. बाईंनी तंबोऱ्याकडे एकदा पाहिलं, हात लांब करून तारांवर तळवा ठेवला आणि तो शेवटपर्यंत उचलला नाही.

मधे उठायची त्यांना सवय नव्हती. कुणाचंही गाणं असो, संपेपर्यंत बसायचं. संपल्यावर त्यांनी विचारलं, “ह्यात तो कुठे आहे?”

मी म्हटलं, “त्याला त्यात नसायचंच आहे, बाई. त्याने स्वतःला बाजूला केलंय.”

“मग मी कुणासाठी बसले?”

मी पुष्कळ बोलले. अहंकार, निवड, ऐकणाऱ्याचं स्वातंत्र्य. त्यांनी ऐकून घेतलं, चहा ठेवायला सांगितलं आणि विषय संपला. त्या चिडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. पण त्यानंतर त्यांनी हार्वर्डच्या खोलीची गोष्ट सांगणं सोडलं. नवी मुलगी आली, मी वाट पाहत बसले, गोष्ट आली नाही. एकदा मीच विषय काढला, तर म्हणाल्या, “असू दे आता ते.” रेकॉर्डने त्यांच्याकडून ती गोष्ट काढून घेतली. पुढे त्या गेल्या. आमचं यावर पुन्हा बोलणं झालं नाही.

तेव्हा वर्गात रेकॉर्ड लावायला माझा हात का धजत नाही, ते तुम्हाला कळेल. तुम्ही कंटाळाल याची मला भीती नाही. कंटाळून तुम्ही ती खोलीही टाकून द्याल, याची आहे.

हे ऐकून एक विद्यार्थी म्हणाला, “पण ताई, गाणारा म्हटला की गाणं पाहिजे. नुसत्या विचारावर कुणाला मोठं कसं म्हणायचं?” मला राग आला, कारण आपण हे रोज करतो. भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले, त्यांचा आवाज कुणाकडे आहे? अल्लादियाखाँसाहेबांची रेकॉर्ड आपल्यापैकी कुणी ऐकली आहे? तरी त्यांचं नाव घेताना आपला हात कानाच्या पाळीला जातो. आपल्याकडे कोठीवाले गवई होऊन गेले. शेकडो चिजा, अनवट राग, सगळं त्यांच्यापाशी, पण मैफल जमायची नाही. त्यांच्या पायाशी मैफल गाजवणारे शिकायला बसत. त्यांना कुणी म्हटलं नाही, आधी गाऊन दाखवा. भातखंडे यांच्याकडे कुणी रेकॉर्ड मागतं का?

घरी आल्यावर मात्र माझाच मुद्दा मला टोचला. खाँसाहेबांचा विचार त्यांच्या शिष्यांच्या, केसरबाईंच्या गळ्यातून आला, मोगूबाईंच्या गळ्यातून आला. तो स्वरांत परत मिळाला म्हणून आपण मानतो. केजचा कुणाच्या गळ्यातून आला? संगीतकार मॉर्टन फेल्डमनचं नाव मला सुचतं. दोघांची ओळख १९५० मध्ये कार्नेगी हॉलमध्ये झाली, वेबर्नची सिंफनी ऐकून दोघंही बाहेर पडत असताना. फेल्डमनचं ‘रोथको चॅपल’ मी रात्री लावते आणि मला ते रेकॉर्डवरही पुरतं. पण फेल्डमन त्याचा मित्र, शिष्य नव्हे, आणि तो आपल्या कानावर ठाम विसंबून लिहायचा. नाणी उडवून नाही. तेव्हा हा पुरावा केजच्या बाजूचा की विरुद्धचा, हे मला ठरवता येत नाही.

केजचे गुरू, संगीतकार शोनबर्ग यांनी त्याला संगीतकार न म्हणता प्रतिभावान संशोधक म्हटल्याचं सांगतात. लोक हे वाक्य निकालासारखं फेकतात. शोध लावणाऱ्याच्या हातून संगीत होत नाही, हे कुणी ठरवलं? ‘सोनाटाज अँड इंटरल्यूड्स’ ऐका. १९४६ ते ४८ मधलं काम, सोळा सोनाटा आणि चार इंटरल्यूड. पियानोच्या पंचेचाळीस स्वरांच्या तारांत स्क्रू, बोल्ट, रबराचे तुकडे अडकवले आहेत. तो पियानो कधी जलतरंगासारखा बोलतो, कधी डग्ग्यासारखा. मागे आपले नवरस आहेत, कलाचिंतक आनंद कुमारस्वामींच्या लेखनातून त्याच्यापर्यंत पोचलेले. त्याच काळात न्यूयॉर्कला अहमदाबादच्या गीता साराभाई होत्या. त्या त्याला आपलं संगीत शिकवत, तो त्यांना पाश्चात्त्य. संगीत कशासाठी, असं त्याने विचारलं तेव्हा त्यांनी आपल्या गुरूंचं उत्तर सांगितलं: मन निवावं, शांत व्हावं आणि दैवी प्रभावाला मोकळं व्हावं. तो हे उत्तर अखेरपर्यंत सांगत राहिला. ही रचना रेकॉर्डवर सुंदर आहे. रेकॉर्डवर! म्हणजे तुमचा दुसरा प्रश्न सरसकट खरा नाही.

मग तीच का नाही ऐकवली? कारण ती ऐकून तुम्ही म्हणाल, बघा, जमत होतं की त्याला, मग पुढे कशाला बिघडला? ती रचना त्याने आपली आवड सोडण्याआधीची आहे. मला ज्या केजने शिकवलं तो नंतरचा. नंतरच्याला नापास करायला आधीचा पुरावा म्हणून वापरला जाईल, हे मला नकोय.

एका दिवाळी अंकात मी पूर्वी लिहिलं होतं की केजच्या रेकॉर्डचा कंटाळा येणं हा कानाचा आळस आहे. ते कात्रण मला अजून दाखवलं जातं. त्या लेखातल्या मुलीशी मी अधूनमधून भांडते. तिला म्हणते, बाईंचा कान आळशी होता? ती म्हणते, त्यांनी तारांवर हात ठेवला, तंबोरा बोलत होता तो बंद केला. यावर माझ्याकडे उत्तर नाही. माझा प्रश्न तिलाही सुटत नाही. आळशी माणूस पाऊण तास तसा बसेल?

जर्मनीत हाल्बरस्टाटच्या चर्चमध्ये केजची ऑर्गनची रचना अतिशय संथ लयीत २००१ पासून चालू आहे, ती २६४० मध्ये संपायची आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथला स्वरमेळ बदलला. ती पूर्ण कुणीच ऐकणार नाही. मला ती फार आवडते आणि ती आवडायला मला ऐकावी लागलेली नाही. हे वाक्य संगीतशिक्षिकेने लिहू नये असं तुम्हाला वाटेल. मलाही तसं वाटतं, तरी ते खरं आहे.

पुढच्या अभ्यासवर्गात ‘सोनाटाज’ लावेन, तुमचा एवढा आग्रह आहे तर. ‘म्युझिक ऑफ चेंजेस’ लावणार नाही. ज्याला हवं असेल त्याने घरी ऐकावं, पूर्ण ऐकावं, आणि न आवडलं तर मला येऊन सांगावं. भांडायची माझी तयारी आहे.