धोमच्या पाण्यावरचा सूर्योदय: आधी डोंगर, मग वारा, मग कॅमेरा

वाईच्या पश्चिमेला कृष्णेवर धोमचं धरण आहे. भिंत पूर्वेच्या टोकाला, आणि पाणी तिथून मागे पश्चिमेकडे खोऱ्यात पसरत गेलेलं. सातारा जिल्ह्यात सूर्योदयाच्या फोटोसाठी मी ही जागा सगळ्यात वर ठेवतो, कारण जलाशयाच्या वरच्या अंगाला काठावर उभं राहिलं की सूर्य समोर, पाण्याच्या पलीकडे चढतो. बामणोलीला उलट असतं. तिथे आपण शिवसागराच्या, म्हणजे कोयनेच्या जलाशयाच्या, पूर्व काठावर, सूर्य पाठीशी, आणि पहिलं ऊन पलीकडे वासोट्याच्या बाजूच्या माथ्यांवर. तेही फार देखणं, पण त्याचं गणित वेगळं. खालचं सगळं धोमचं.

मी सुरुवात सूर्याच्या दिशेपासून करतो. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनी सूर्य नेमका पूर्वेला उगवतो. डिसेंबरअखेर तो पूर्वेपासून जवळपास २५ अंश दक्षिणेला, म्हणजे पाचगणीच्या रांगेकडे सरकतो. त्यामुळे फेब्रुवारीअखेर ठरवलेली जागा डिसेंबरात चालत नाही. आदल्या संध्याकाळी होकायंत्र घेऊन काठ बघून ठेवणं हाच उपाय.

दुसरी गोष्ट वेळेची. जानेवारीच्या मध्यावर इथला सूर्योदय साधारण ७ वाजून ८ मिनिटांचा, पण तो सपाट क्षितिजाचा. खोऱ्यात सूर्य डोंगरामागून येतो. ५ किलोमीटरवरचा डोंगर आपल्यापेक्षा ५०० मीटर उंच असेल, तर तो डोळ्याला जवळपास ६ अंश उंच दिसतो. सूर्याला १ अंश चढायला इथे हिवाळ्यात साडेचार मिनिटं लागतात, म्हणजे कडेवर सूर्य दिसेपर्यंत २५ मिनिटं जास्तीची. हात पूर्ण लांब करून मोजायचं: करंगळीची रुंदी १ अंश, मूठ १० अंश. एवढ्यावर वेळ पाचेक मिनिटांच्या फरकाने आधीच कळते. आकाशातला रंग मात्र डोंगरासाठी थांबत नाही. तांबडं फुटतं ते छापील वेळेच्या आधी, २५ ते १० मिनिटांच्या दरम्यान सगळ्यात गडद असतं. म्हणून काठावर तासभर आधी.

तिसरा वारा. आभाळ निरभ्र आणि रात्रभर वारा पडलेला असेल तर पहाटे हवा पाण्यापेक्षा थंड होते आणि पाण्यावर वाफा उठतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा त्याचा हंगाम. ऊन उतारांवर पोचलं की हवा हलायला लागते आणि प्रतिबिंब मोडतं. आदल्या रात्री ढग असतील तर धुक्याची आशा कमी, पण रंगाची जास्त. दोन्ही एका सकाळी क्वचितच मिळतात, तेव्हा कशासाठी जायचं ते आधीच ठरवलेलं बरं.

काठावर सगळ्यात त्रास गाळाचा. पाणी ओसरलं की उघडा पडलेला गाळ वरून वाळलेला आणि आत ओला असतो. जनावरांच्या वाटेनेच खाली उतरावं. ट्रायपॉडचे पाय अशा गाळात हळूहळू खचतात, आणि १० सेकंदांच्या फोटोत डोंगराची कड दुहेरी येते. लेन्सला दोष देण्याआधी पाय बघा. प्रत्येक पायाखाली चपटा दगड ठेवायचा किंवा पाय घट्ट लागेपर्यंत दाबायचे. एरवी जाड नळी आधी काढतात, इथे सगळ्यात खालची बारीक नळी आधी पूर्ण काढायची, म्हणजे तिचा जोड चिखलाच्या वर राहतो. मधला दांडा वर करायचा नाही.

कॅमेरा गाडीत गरम राहिला तर तोटा नाही, पण काच थंड झाली की निरभ्र आकाशाखाली तिच्यावर दव धरतं. लेन्सचं टोपण शेवटपर्यंत लावून ठेवतो, आणि दर १० मिनिटांनी टॉर्चच्या उजेडात काच बघतो. छोट्या पडद्यावर दवाचा फोटो धुक्यासारखाच दिसतो, फसगत तिथेच होते.

फोकस अंधारात आपोआप होत नाही. फुल फ्रेम (३५ मिलिमीटर फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २४ मिलिमीटर लेन्स, एफ ११ (हा लेन्सच्या छिद्राचा आकडा, मोठा तितकं छिद्र लहान), आणि फोकस पावणेदोन मीटरवर ठेवला की साधारण ९० सेंटीमीटरपासून अनंतापर्यंत चालेल इतकं स्पष्ट येतं. तेवढ्या अंतरावरच्या दगडावर टॉर्च मारायची, पडद्यावर मोठं करून फोकस लावायचा आणि मॅन्युअल करून टाकायचं. एफ १६ च्या पुढे गेलं की सगळंच मऊ पडतं.

आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली), लेन्समधलं स्थिरीकरण बंद, २ सेकंदांचा टायमर. सूर्योदयाच्या २० मिनिटं आधी शटर ८ ते १५ सेकंदांपर्यंत जातं. वाफा असतील तर तेवढा वेळ देऊ नये. त्यांचा आकार जाऊन पाण्यावर नुसतं सपाट दूध उरतं. एफ ५.६, आयएसओ ४०० करून अर्ध्या ते १ सेकंदावर आलं की वळणं टिकतात. व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) ५५०० केल्विनच्या आसपास बांधून ठेवावा, ऑटो ठेवला तर कॅमेरा तांबडेपणा दोष समजून धुऊन काढतो. हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघताना लाल रंगाचा वेगळा बघावा, पहाटे तोच आधी फुटतो, म्हणजे उजव्या टोकाला जाऊन तपशील हरवतो.

आकाश आणि काठ यांच्यातला फरक सांभाळायला ३ स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट), मऊ कडेचा ग्रॅड फिल्टर, म्हणजे वर गडद आणि खाली पारदर्शक काच, मला बरा वाटतो. एक पथ्य: प्रतिबिंब आकाशापेक्षा नेहमी थोडं काळं असतं. फिल्टरने आकाश त्याहून काळं झालं की फोटो खोटा दिसतो, सांगता येत नसलं तरी बघणाऱ्याला खटकतं. २-२ स्टॉपच्या अंतराने ३ फोटो घेऊन जोडणं हा दुसरा मार्ग, पण लहर उठली की जोडलेलं पाणी फाटतं. पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर) पिशवीतच राहू द्यावा, तो प्रतिबिंबच पुसतो आणि दीड-दोन स्टॉप उजेड खातो.

धरणाची भिंत आणि सांडवा सोडून काठ निवडायचा.

सूर्य वर आला की बहुतेक जण आवरतात. त्या वेळी मागे वळावं. कमळगडाच्या बाजूच्या उतारांवर ऊन तिरकं असतं आणि घळी सावलीत, त्यामुळे ७०-२०० लेन्सने एकामागे एक रांगा सुट्या निघतात. वाफा विरेपर्यंत हे चालतं. घरी गेल्यावर ट्रायपॉडच्या खालच्या नळ्या काढून साध्या पाण्याने धुवायच्या, पूर्ण वाळवायच्या आणि मगच आत सरकवायच्या. रेव जोडात राहिली तर पुढच्या वेळी पकड सुटते.